पहिला रेग्युलेटर घ्यायचा तर…

भंडारा जिल्ह्याला पाण्याचे अप्रूप नाही. मधून वैनगंगा वाहते, कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव गावोगाव आहेत, तुमसरकडे चांदपूरचा जलाशय आणि पवनीकडे गोसीखुर्दचा अथांग पसारा. समुद्र मात्र इथून शेकडो किलोमीटर. तरीही अलीकडे भंडारा, तुमसर, साकोलीतली तरुण मंडळी मालवणला जाऊन ‘स्कूबा करून’ येतात, कुणी अंदमानात स्वराज द्वीपावर रीतसर कोर्स करतो, कुणाचा भाऊ दुबईत किंवा जर्मनीत असतो आणि तो तिथे डायव्हिंगला लागलेला असतो. मग घरात प्रश्न निघतो: स्वतःचा रेग्युलेटर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता?

या प्रश्नावर सल्ल्यांची कमतरता नाही, पण बहुतेक सल्ले समुद्राकाठी राहणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून दिलेले असतात. त्याच्या गल्लीच्या टोकाला डायव्ह सेंटर असते, तो दर रविवारी पाण्यात उतरतो आणि काही बिघडले तर संध्याकाळी दुरुस्त करून आणतो. भंडाऱ्याच्या माणसाचे तसे नाही. त्याची वस्तू वर्षातले दहा-अकरा महिने कपाटात पडून राहणार आणि मग एकदम चार-पाच दिवस खाऱ्या पाण्यात राबणार. निवडीचे निकष इथूनच बदलतात.

आधी यंत्र समजून घेऊ. डायव्हिंगचा नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर सुमारे 11 लिटरचा असतो आणि त्यात हवा 200 बारपर्यंत दाबून भरलेली असते; म्हणजे साधारण 2,200 लिटर हवा. ती थेट तोंडात घेणे अशक्य. स्वयंपाकघरातल्या गॅस सिलिंडरवरचा रेग्युलेटर आतला दाब कमी करून शेगडीला देतो, त्याच जातीचे हे काम आहे. फरक एवढाच की शेगडी एका जागी असते आणि डायव्हर खाली-वर जात असतो. दर 10 मीटरला पाण्याचा दाब एक बारने वाढतो. पृष्ठभागावर 1 बार, 10 मीटरवर 2 बार, 20 मीटरवर 3. छातीवर जेवढा दाब, तेवढ्याच दाबाची हवा मिळाली तरच श्वास ओढता येतो. म्हणून रेग्युलेटरचे दोन भाग केलेले असतात. सिलिंडरवर बसतो तो फर्स्ट स्टेज: तो 200 बारचा दाब सभोवतालच्या दाबापेक्षा सुमारे 9 ते 10 बार जास्त, एवढ्यावर आणतो. तोंडात धरायचा तो सेकंड स्टेज: त्यात एक रबरी पडदा आणि एक तरफ असते. श्वास ओढला की पडदा आत खेचला जातो, तरफ दबते, झडप उघडते आणि हवा येते. ओढणे थांबले की बंद.

ही कल्पना समुद्रासाठी जन्मलीच नव्हती. 1860 च्या सुमारास बेन्वा रुकेरोल या फ्रेंच खाण अभियंत्याने ती आधी खाणीत अडकलेल्यांच्या सुटकेसाठी काढली. पुढे नौदलातला अधिकारी ऑग्युस्त देनेरूझ याने त्याच्याबरोबर ती पाण्याखाली नेली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतली कॅप्टन नेमोची माणसे हेच यंत्र पाठीवर बांधून समुद्रतळावर फिरतात. तुमसर तालुक्यात चिखल्याची भूमिगत मँगनीज खाण पाहिलेल्याला या यंत्राचा उगम चटकन उमगेल. 1943 साली एमिल गान्यां आणि झाक कूस्तो यांनी युद्धकाळात पेट्रोलच्या टंचाईमुळे गॅसवर धावणाऱ्या मोटारींसाठी केलेला एक रेग्युलेटर घेऊन त्यातून ‘ॲक्वालंग’ उभे केले. आज आपण वापरतो ती एकाच नळीची रचना मात्र ऑस्ट्रेलियातल्या टेड एल्ड्रेडने 1952 च्या सुमारास बाजारात आणली. त्यानंतर बदल झाले ते बारकाव्यांचे. विक्रेता ‘क्रांतिकारी’ म्हणू लागला की एवढे आठवावे.

बारकाव्यांतला पहिला वाद पिस्टन की डायफ्रॅम, हा. पिस्टनच्या फर्स्ट स्टेजमध्ये हलणारे भाग कमी, हवा धो-धो देण्याची ताकद मोठी, आणि साधा पिस्टन तर इतका दणकट की भाड्याने सामान देणारी बरीच सेंटरे तोच वापरतात. पण त्याच्या स्प्रिंगच्या कप्प्यात पाणी शिरते. तसे शिरणे हा त्याच्या रचनेचाच भाग आहे. डायफ्रॅममध्ये एक जाड पडदा पाण्याला आतल्या यंत्रणेपासून लांब ठेवतो. ‘सील्ड’ प्रकारात तर आणखी एक पडदा असतो आणि स्प्रिंगलाही पाणी लागत नाही. दर आठवड्याला डायव्ह करून सामान नीट धुणाऱ्याला यातले काहीही चालेल. मात्र मालवणहून परतताना दीड दिवसाचा प्रवास करणाऱ्याच्या पिस्टनमध्ये मीठ वाळून बसते आणि पुढच्या दिवाळीपर्यंत ते तसेच राहते. एवढ्या एका कारणासाठी माझा कौल सील्ड डायफ्रॅमला आहे.

दुसरा वाद बॅलन्स्ड की अनबॅलन्स्ड. अनबॅलन्स्डमध्ये सिलिंडरातला दाब उतरत जातो तसा फर्स्ट स्टेजमधून पुढे जाणारा मधला दाबही थोडा उतरतो आणि शेवटी शेवटी श्वास किंचित ओढून घ्यावा लागतो. नवशिक्याचा कोर्स 18 मीटरपर्यंतचा. सिलिंडरात 50 बार उरले की वर यायचे, हा शिरस्ता. एवढ्या मर्यादेत अनबॅलन्स्ड सुखाने काम करतो आणि तो घेणाऱ्याला कुणी वेड्यात काढू नये. पण एक प्रसंग असा असतो की तिथे फरक कळतो. जोडीदाराची हवा संपते, तो तुमचा ऑक्टोपस, म्हणजे जादा सेकंड स्टेज, तोंडात धरतो, दोघेही घाबरून भराभर श्वास घेत असतात आणि तुमच्या सिलिंडरात 60 बार उरलेले असतात. त्या दोन-तीन मिनिटांत एकाच फर्स्ट स्टेजने दोन माणसांना पुरेशी हवा द्यायची असते. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर या दोन-तीन मिनिटांसाठी मोजावेत. रंगासाठी, टायटॅनियमसाठी किंवा नक्षीसाठी नकोत.

जोडणीचा प्रश्न नवशिक्याला सर्वांत क्षुल्लक वाटतो आणि पहिल्याच सहलीत तोच अडवतो. सिलिंडरच्या तोटीवर रेग्युलेटर बसवायचे दोन प्रकार आहेत. योक म्हणजे वरून शिकंजा बसवून मागून स्क्रू आवळायचा. अमेरिकेत आणि आपल्याकडच्या बहुतेक डायव्ह सेंटरांत हाच चालतो. डिन म्हणजे आट्यांनी तोटीच्या आत फिरवून बसवायचा. युरोपात तो रुळलेला. योकची मर्यादा साधारण 232 बार, डिन 300 बारपर्यंत जातो. डिनमध्ये ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी कडी, रेग्युलेटरच्या टोकाला आणि बंदिस्त असते. योकमध्ये ती सिलिंडरवर असते आणि होडीवर तोटी उघडल्याबरोबर जी फुस्स होते ती बहुधा हीच. डिनवर एक छोटा ॲडाप्टर लावला की तो योकच्या सिलिंडरवर बसतो. उलटे करणे कटकटीचे. ज्याचे नातेवाईक परदेशात आहेत किंवा ज्याला पुढे खोल जायचे आहे त्याने डिन आणि सोबत ॲडाप्टर घ्यावा. ॲडाप्टरमुळे फर्स्ट स्टेज बोटभर पुढे येतो आणि मान मागे केली की डोक्याला लागतो, ही तक्रार खरी आहे. जो मालवण-गोवा-अंदमान यांच्या पलीकडे जाणारच नाही त्याने सरळ योक घ्यावा आणि डोके शाबूत ठेवावे.

थंड पाण्याचे प्रमाणपत्र हा आपल्याकडे निव्वळ खर्चाचा विषय. युरोपच्या ईएन 250 या मानकात रेग्युलेटर 50 मीटर खोलीच्या दाबाला तपासतात. जो थंड पाण्याच्या चाचणीला उतरवलेला नाही त्यावर ‘10 अंशांपेक्षा जास्त’ अशी खूण असते. दाबाखालची हवा मोकळी होताना थंड होते. पाणी मुळातच 4-5 अंशांचे असेल तर झडपेवर बर्फ धरतो, झडप उघडी अडकते आणि हवा अखंड वाहू लागते. म्हणून जर्मनी किंवा स्वित्झर्लंडच्या तलावांत उतरणारे मराठी डायव्हर दोन-दोन फर्स्ट स्टेज लावलेले दिसतात. कोकणच्या किनाऱ्यावर हंगामात पाणी पंचवीस अंशांच्या वर असते. तिथे ही चिंता नाही. त्याच मानकातली ‘ए’ ही खूण मात्र पाहावी. तो रेग्युलेटर अडचणीत दोघांनी वापरण्यासाठी तपासलेला आहे, असा तिचा अर्थ.

आता धातू. फर्स्ट स्टेज बहुतेक वेळा पितळेचा, वरून क्रोमचा मुलामा. भंडारा ही पितळनगरी. मीठ लागलेले पितळ हिरवे पडते हे इथे कुणाला शिकवायला नको. रेग्युलेटर हातात घेतला की धुळीची टोपी काढून सिलिंडरकडच्या तोंडात उजेडात डोकवा. तिथे बोटाच्या टोकाएवढी एक जाळी असते, तिला फिल्टर म्हणतात. ती स्वच्छ, धातूच्या रंगाची असावी. हिरवट असेल तर खारे पाणी आत गेले आहे. टोपी न लावताच कुणीतरी तो पाण्याच्या पिंपात बुडवला असणार. तांबूस भुकटी असेल तर ती एखाद्या पोलादी सिलिंडरातल्या गंजाची. काळी असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरची काळजी करावी. विक्रेता ‘फक्त दोनदा वापरलाय’ म्हणत असतो तेव्हा ही जाळी काय म्हणते ते आधी ऐकावे.

जुना सेट घेण्यात गैर काही नाही. आखातातून परतलेली मंडळी चांगले सामान स्वस्तात काढतात. पण तपासणी केल्याशिवाय पैसे देऊ नयेत. टोपी लावून, सिलिंडर न जोडता सेकंड स्टेजमधून श्वास ओढून पाहा. काहीच यायला नको. हवा आली तर पडद्याला किंवा बाहेर सोडायच्या झडपेला कुठेतरी चीर आहे आणि पाण्यात तिथून पाणी येईल. नळ्यांची टोके वाकवून पाहा, रबराला भेगा दिसतात का. माउथपीसला बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी घट्ट आहे का. सिलिंडर जोडून तोटी पूर्ण उघडा आणि प्रेशर गेजकडे बघत जोरात श्वास घ्या: काटा दर श्वासाला मागे-पुढे डुलत असेल तर तोटी अर्धवट उघडी आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. शक्य असेल तर जाणकाराकडून मधल्या दाबाचे गेज लावून घ्या. काटा एका आकड्यावर येऊन थांबला पाहिजे. हळूहळू वर चढत राहिला तर आतल्या झडपेची सीट झिजली आहे. आणि सर्वांत शेवटी विचारायचे ते हे की या मॉडेलचा सर्व्हिस किट आज मिळतो का. नसेल तर तो सेट शोकेसमध्ये शोभेल.

पहिल्या संचात काय काय लागते? फर्स्ट स्टेज, सेकंड स्टेज, पिवळ्या लांब नळीचा ऑक्टोपस, प्रेशर गेज आणि बीसीडी, म्हणजे तरंगण्याचे जॅकेट, फुगवायची नळी. ऑक्टोपस स्वस्तातला घ्यायची सवय आहे; ज्या माणसाला तो वापरायचा आहे तो त्या वेळी सर्वांत घाबरलेला असणार, हे लक्षात घेतले तर ही काटकसर उलटी आहे. माउथपीस दोन-चारशे रुपयांची वस्तू, पण जबडा दुखतो तो तिच्यामुळेच. लहान चणीच्या माणसांनी छोटा माउथपीस मागून घ्यावा. नायट्रॉक्सबद्दल, म्हणजे जास्त ऑक्सिजन असलेल्या हवेबद्दल, एवढेच: 40 टक्के ऑक्सिजनपर्यंत बहुतेक नवे रेग्युलेटर चालतात, पण कंपनीचे पुस्तक पाहून खात्री करावी.

ब्रँडची यादी लांब असली तरी भारतात सहज भेटणारी नावे मोजकी: स्कूबाप्रो, मारेस, क्रेसी, ॲक्वालंग आणि तिचीच ॲपेक्स. स्कूबाप्रोचा एमके-2 किंवा क्रेसीचा एसी-2 हे साध्या, अनबॅलन्स्ड पिस्टनचे खंदे नमुने. स्कूबाप्रोचा एमके-25 हा बॅलन्स्ड पिस्टनचा. ॲपेक्सची ओळख सील्ड डायफ्रॅमची; ती इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नची कंपनी, थंड पाण्यासाठी नावाजलेली. ऑक्टोपस आणि गेज धरून साधा संच साधारण पंचवीस-तीस हजारांच्या पुढे सुरू होतो आणि वरचा लाखाच्या घरात जातो. या कुठल्याच कंपनीचा रेग्युलेटर वाईट नसतो. सर्टिफिकेट असलेला, वेळेवर सर्व्हिस केलेला स्वस्त रेग्युलेटर हा दुर्लक्षित महागड्यापेक्षा केव्हाही बरा, आणि झडपांची रचनाच अशी असते की सेकंड स्टेज बिघडला तर तो बहुधा हवा कोंडण्याऐवजी सोडत राहतो.

कुणी म्हणेल, मालवण कशाला, आपल्या गोसीखुर्दलाच उतरू की. शासनाने तिथे जलपर्यटनाचा प्रकल्प हाती घेतला आहे, जलाशयाची पूर्ण संचय पातळी 245.5 मीटर, म्हणजे 300 मीटरच्या खालीच; उंचावरच्या पाण्यासाठीचे वेगळे हिशेबही करावे लागत नाहीत. कागदावर सगळे जुळते. पाण्यात मात्र गाळ, तरंगती जलपर्णी, बुडालेल्या झाडांची खोडे आणि हाताचे बोट न दिसणारा अंधार आहे. शिवाय नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून वैनगंगेत येते. साध्या सेकंड स्टेजच्या बाहेर सोडायच्या झडपेतून पाण्याचे बारीक तुषार नेहमी थोडे आत येतात. समुद्रात ते फक्त खारट लागतात, इथे ते आजार देऊ शकतात. अशा पाण्यात उतरायचे तर चेहरा पूर्ण झाकणारा मास्क, दोरीचे संकेत आणि वर उभा असलेला सहकारी लागतो. ते काम राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांचे. नदीत कुणी बुडाले की त्यांच्याही आधी पोलीस ज्यांना हाक मारतात ते काठावरचे ढिवर बांधव तर कुठलेही यंत्र न लावता, छातीत भरलेल्या एका श्वासावर बुडी मारतात. हौशी डायव्हरने त्यांच्या मध्ये यायचे कारण नाही.

मग पहिल्या वर्षी काय घ्यावे? मालवणला किल्ल्याजवळ गाईड मागून सिलिंडर धरतो आणि आपण वीस-तीस फुटांवर माशांना पाव चारतो (ते चारू नये, हे जाता जाता), त्या एका अनुभवावर रेग्युलेटर घेणे म्हणजे उत्साहाचा अतिरेक. आधी कोर्स करावा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग आणि जलक्रीडा संस्था 2015 पासून आहे. तिथे पाण्याखालचे शिक्षण मराठीत विचारता येते, ही सोय लहान नाही. कोर्सला 200 मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे लागते. वैनगंगाकाठच्या पोराला ते जड नाही. पैसे असतील तर पहिला मास्क घ्यावा, कारण चेहरा प्रत्येकाचा वेगळा. दुसरा डायव्ह कॉम्प्युटर. रेग्युलेटर तिसरा, आणि तोही वर्षातून निदान दोन सहली होतील अशी खात्री झाल्यावर. तोवर भाड्याच्या रेग्युलेटरवर वर सांगितलेल्या तपासण्या कराव्यात. होडीवर गाईडला घाई असते, तरी कराव्यात.

घेतल्यानंतरची निगा कोकणातच सुरू होते. शेवटच्या डायव्हनंतर गोड्या पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, टोपी घट्ट लावून. भिजताना सेकंड स्टेजचे बटण दाबू नका. नळीत हवेचा दाब नसताना दाबले की पाणी सरळ आत जाते. सावलीत वाळवा. कुडाळहून गाडीत बसताना तो ओला, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेला नको. विमानाने जाणार असाल तर हातातल्या सामानात ठेवा. घरी आणल्यावर नळ्यांना तीव्र घड्या न घालता सैल वेटोळे करून कपाटात ठेवा. विदर्भाचा मे महिना लक्षात घेऊन माळ्यावर किंवा कारच्या डिकीत अजिबात नको, रबराचे आयुष्य तिथेच संपते.

आणि सर्व्हिस. काही कंपन्या दरवर्षी किंवा शंभर डायव्हनंतर करायला सांगतात, काही दोन वर्षांनी, मध्ये तपासणी करून. डायव्ह झाल्या नाहीत तरी काळ मोजायचाच. ओ-रिंग पडून राहिल्यानेही सुकते. हे काम कंपनीने शिकवलेल्या तंत्रज्ञाचेच. यूट्यूबवर पाहून फर्स्ट स्टेज उघडणाऱ्याला मी हात जोडतो. पण असा तंत्रज्ञ मुंबई, गोवा, बंगळुरू, चेन्नई इकडेच सापडतो. विदर्भात अधिकृत केंद्र माझ्या पाहण्यात नाही. म्हणून ब्रँड ठरवण्याआधी फोन करून विचारावे: सर्व्हिस कुठे होते, सुटे भाग असतात का, कुरिअरने घेता का, किती दिवसांत परत देता. ज्याचे उत्तर सरळ आले तो ब्रँड आपला. मग तो सील्ड डायफ्रॅम असेल तर उत्तम, साधा पिस्टन असेल तरी चालेल.

एक विनंती एमटीडीसीला आणि मोठ्या डायव्ह कंपन्यांना. आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपुरातच असते. हौशी डायव्हरही आता नागपूर, भंडारा, गोंदियात तयार होत आहेत. पावसाळ्यात मालवणचा हंगाम बंद असतो आणि तंत्रज्ञ तुलनेने मोकळे असतात. त्या दिवसांत नागपूरला वर्षातून एकदा, दोन दिवसांचे रेग्युलेटर सर्व्हिस शिबिर भरवावे. भंडाऱ्याहून साठ किलोमीटर यायला आम्ही तयार आहोत.